छायाचित्राची चौकट : एक समवाय पाठ

इयत्ता चौथीची मुले शाळा सोडून जाऊ लागली म्हणजे त्यांचे एक सामुदायिक छायाचित्र घ्यावे, ही प्रथा आता खेड्यांतील पुष्कळ शाळांतून रूढ झाली आहे. पूर्वी त्यासाठी तालुक्याच्या गावाहून छायाचित्रकार बोलवावा लागे, आणि त्याच्या येण्याजाण्याचा व प्रतींचा खर्च पाहून बहुधा तो बेत सोडून द्यावा लागे. आता शिक्षकाच्या खिशातील फोनवर ते काम क्षणात होते. चित्र घेऊन झाले की त्याभोवती एखादी नक्षीदार चौकट घालावी, खाली शाळेचे नाव व साल लिहावे आणि ते छापून कार्यालयाच्या भिंतीवर लावावे, असे हौशी शिक्षकास वाटणे स्वाभाविक आहे. ही हौस चांगलीच आहे. मात्र ती कोणत्या रीतीने पुरवावी याचा विचार सहसा होत नाही, आणि तो न केल्याने काय घडते ते एका द्विशिक्षकी शाळेतील पुढील प्रसंगावरून ध्यानी येईल.

त्या शाळेत एप्रिल महिन्यात २३ मुलांचे छायाचित्र घेण्यात आले. मागच्या ओळीत १२ मुले उभी, पुढच्या ओळीत ११ बसलेली. शिक्षकांनी फोनवरील तयार चौकटींच्या संग्रहातून एक सोनेरी वेलीची चौकट निवडली. तिच्या चारही कोपऱ्यांत गुलाबांचे झुबके होते. ती चित्रावर बसवून चित्र पुन्हा त्याच नावाने साठवले आणि शहरातून छापून आणले. भिंतीवर ते शोभूनही दिसले. पुढे महाराष्ट्रदिनी निकालपत्रके घेण्यास पालक आले. ऊसतोडीहून नुकतेच परतलेले एक पालक त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी विचारले, "गुरुजी, आमची पोर त्या दिवशी शाळेत नव्हती का?"

मुलगी होती. आईवडील तोडीवर गेले असता शाळा बुडू नये म्हणून ती सहा महिने आजीजवळ गावातच राहिली होती, आणि हजेरीपटावर त्या महिन्यात तिचा एकही खाडा नव्हता. मागच्या ओळीत अगदी डाव्या टोकास ती उभी होती. तिच्या चेहऱ्यावर गुलाबाचा झुबका आला होता. शिक्षकांनी मूळ चित्र पुष्कळ शोधले. परंतु सजवलेले चित्र त्याच नावाने साठवल्यामुळे मूळ चित्र पुसले गेले होते, आणि त्याची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती. जूनमध्ये ती मुलगी पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत गेली.

शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, हे सांगावयास नकोच. चौकट चित्राबाहेर वाढवण्याऐवजी ती चित्रावर चढवली गेली, ही मुख्य चूक होय. मूळ प्रत राखली नाही, ही तिच्या जोडीची दुसरी. प्रस्तुत पाठात चौकट चित्राबाहेर कशी वाढवावी, तिचे माप कसे धरावे, आणि बाजारी नक्षीऐवजी ती मुलांच्याच हातून कशी काढून घ्यावी, याचा विचार केला आहे. चौथी व पाचवीच्या वर्गांस गणित, चित्रकला व संगणक यांच्या समवायाने हा पाठ घेता येईल. संगणक नसलेल्या शाळेसही यातील पहिल्या दोन तासिका घेता येतात, आणि खरे पाहता पाठाचे मर्म त्या दोन तासिकांतच आहे.

चौकट कशासाठी?

पाठाच्या आरंभी शिक्षकाने मुलांस घरातील एखादी जुनी तसबीर आठवावयास सांगावे. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची एक खिडकी असते. तिला कारागीर माउंट म्हणतात. ती शोभेची आहे असे बहुतेकांस वाटते. वस्तुतः तिचे पहिले काम निराळे आहे. चित्र काचेस टेकले तर पावसाळी हवेत त्याचा पृष्ठभाग काचेस चिकटतो, आणि मग सोडवू गेले असता आजोबांचा अर्धा चेहरा काचेवरच राहतो. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे चित्र व काच यांत अंतर राहते. म्हणजे तसबिरीची चौकट ही मुळात चित्राचे रक्षण करणारी वस्तू आहे. जाणता कारागीर खालची पट्टी वरच्या पट्टीहून किंचित रुंद ठेवतो. दोन्ही सारख्या ठेवल्यास चित्र खाली घसरल्यासारखे भासते.

आपल्याकडील पोथ्या लिहिणारेही मजकुराच्या दोन्ही अंगांस तांबड्या रेघा ओढून समास सोडीत. हाताळताना पानाची कड झिजे, ओलाव्याने कुरतडली जाई; तरी अक्षर आत सुरक्षित राही. समासात वेलबुट्टी काढली तरी ती रेघ ओलांडून अक्षरावर येत नसे.

आणखी एक उदाहरण मनोरंजक आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या पोलरॉइड एसएक्स-७० या कॅमेऱ्यातून छापलेले चित्र लगेच बाहेर येई. चित्र सुमारे ७९ मिलिमीटर चौरस, आणि ज्या पांढऱ्या चौकटीत ते असे तिचे माप ८८ × १०७ मिलिमीटर. खालची पट्टी इतकी रुंद का? कारण चित्र उमटवणाऱ्या रसायनाची पुडी तिच्यात बसवलेली असे. चित्र बाहेर येताना रुळांमध्ये ती फुटे आणि रसायन चित्रावर पसरे. आज फोनवरील कित्येक कार्यक्रम तशीच रुंद पांढरी पट्टी केवळ शोभेसाठी देतात. तीत नाव व साल लिहिण्यास जागा मिळते, एवढा उपयोग मात्र अजूनही खरा आहे.

चित्र पुरे झाल्यानंतर त्यास किनार कशी जोडावी, याचा एक थोर दाखला फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा यांचा आहे. ग्रांद जात बेटावरील रविवारच्या दुपारचे त्यांचे प्रचंड चित्र १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेले असून ते आता शिकागो येथील कलासंग्रहालयात आहे. पुढे १८८८-८९ च्या सुमारास त्यांना त्यास रंगीत ठिपक्यांची किनार असावी असे वाटले. तेव्हा त्यांनी चित्राचे कापड पुन्हा ताणून बसवून घेतले आणि कडेस जागा मोकळी करून तीत किनार रंगवली. किनारीचे ठिपकेही शेजारच्या रंगास उठाव येईल अशा विरोधी रंगांचे निवडले. कापड वाढवून किनार काढण्याची हीच क्रिया आज संगणकावर एका आज्ञेने होते, आणि त्या आज्ञेच्या नावातही कॅनव्हास हाच शब्द आहे.

पहिली तासिका : चौरसांची वही

ही तासिका घाई न करता घ्यावी. प्रत्येक मुलाने चौरसांच्या वहीत ८ घरे लांब व ६ घरे रुंद असा आयत आखावा. हे आपले चित्र. आता त्याभोवती एका घराच्या जाडीची चौकट काढावयाची आहे. तिला किती घरे लागतील, हे न काढता सांगावे. बहुतेक मुले वरची ८, खालची ८, डावी ६, उजवी ६ मिळून २८ असे उत्तर देतील. शिक्षकाने ते चूक म्हणू नये. फळ्यावर २८ लिहून ठेवावे आणि मुलांस तेवढीच घरे रंगवावयास सांगावे. थोड्याच वेळात एखादा विद्यार्थी म्हणेल की, कोपरे उघडे राहिले. चार कोपऱ्यांची चार घरे मिळवली की ३२ होतात. परिमिती आणि चौकट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कोपऱ्यांनी जसे शिकवले तसे व्याख्येने शिकवता येत नाही.

मग जाडी दोन घरांची करावी. मुले ३२ ची दुप्पट ६४ सांगतील. मोजल्यावर ७२ भरतात. दुसऱ्या फेरीस ३२ नव्हे तर ४० घरे लागली. ही आठ अधिक घरे कोठून आली याचा शोध मुलांनीच घ्यावा; त्यासाठी अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. चतुर मुले दुसरा मार्गही काढतात. बाहेरचा आयत १२ × १० म्हणजे १२०, त्यातून आतले ४८ वजा, बाकी ७२. हा मार्ग पुढे संगणकावर उपयोगी पडणार आहे, म्हणून कोणी न काढल्यास शिक्षकाने सुचवावा.

यानंतर छायाचित्राकडे वळावे. फोनमधील चित्र हे अतिशय बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांस पिक्सेल म्हणतात. पुष्कळ फोनांचे चित्र ४००० ठिपके लांब व ३००० ठिपके रुंद असते. गुणाकार केला असता १,२०,००,००० ठिपके होतात. दुकानदार ज्यास बारा मेगापिक्सेल म्हणतो ते हेच. आता या चित्राभोवती २५० ठिपक्यांची चौकट घालावयाची तर नवी लांबी किती? येथे मोठी माणसेही ४२५० म्हणून जातात. चौकट दोन्ही अंगांस असते, म्हणून लांबी ४५०० व रुंदी ३५०० होते. वहीतील आयताने हे आधीच शिकवलेले असल्याने वर्गात निदान काही मुले तरी चुकत नाहीत.

पाचवीच्या वर्गास आणखी एक प्रश्न घालावा. किनारीत एकच चौरस नक्षी ओळीने मांडावयाची असून ती कोठेही अर्धवट तुटता कामा नये. तर त्या चौरसाची बाजू किती असावी? ४००० आणि ३००० या दोहोंस जी संख्या पूर्ण भाग देते तीच चालेल. दोहोंचा महत्तम सामाईक विभाजक १००० आहे. म्हणून १०० चालेल, १२५ चालेल, २०० आणि २५० चालतील. ३०० चालणार नाही, कारण ४००० मध्ये तेरा चौरस बसून १०० ठिपके उरतात. २५० घेतल्यास वर व खाली १६-१६, बाजूंस १२-१२, आणि कोपऱ्यांचे ४ मिळून ६० चौरस होतात. मसावि हा विषय मुलांस नेहमी निर्जीव वाटतो. येथे मात्र तो न साधल्यास फूल मध्येच कापले जाते, आणि ते फूल त्यांनीच काढलेले असते.

दुसरी तासिका : नक्षी

प्रत्येक मुलास दहा सेंटिमीटर बाजूचा पांढरा चौरस कागद द्यावा. त्यावर काळ्या शाईने किंवा जाड खडूने एकच आकृती काढावी. आकृती साधी व ठळक असावी, कारण छापील चित्रात ती नखाएवढी दिसणार आहे. विषय मुलांनी आपल्या परिसरातून घ्यावा : ज्वारीचे कणीस, चिमणी, भोवरा, मोटेचे जुने चाक, शाळेची घंटा. गुलाबाचा झुबका कोणी काढल्यास काढू द्यावा. पण गावात गुलाब कोठे आहे, असे हळूच विचारावे. कागदाच्या कडांपासून थोडी जागा सोडावी, म्हणजे शेजारच्या दोन आकृत्या एकमेकींस भिडत नाहीत.

येथे एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. सजावटीसाठी वारली चित्रांची नक्कल करण्याची पद्धत अलीकडे फार वाढली आहे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे आहेत. जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली, आणि त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. त्रिकोणी माणसे, झाडे, नाचाचे वेटोळे ही रूपे मुलांनी अभ्यासावी, काढून पाहावी, हे योग्यच आहे. परंतु वारली लग्नात भिंतीवर जो चौक काढतात तो निव्वळ किनार नव्हे. त्याच्या आत पालघट देवीची स्थापना असते आणि तो सुवासिनींनी विधिपूर्वक काढावयाचा असतो. तो चौक उचलून स्नेहसंमेलनाच्या छायाचित्राभोवती बसवणे उचित नाही. ज्या शाळेत वारली समाजाची मुले आहेत तेथील शिक्षकाने तर याविषयी त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारूनच पुढे जावे. पाठ्यपुस्तकात नसलेली पुष्कळ माहिती त्यातून मिळेल.

सर्व चौरस जमिनीवर मांडून मुलांनीच एक निवडावा. निवड करताना सर्वांत सुंदर चित्रापेक्षा, दुरून ओळखू येणारे कोणते, हा निकष लावावा. काही शाळांत असे आढळते की, निवडीचा प्रश्न आला म्हणजे नेहमीच्याच हुशार विद्यार्थ्याचे चित्र पुढे येते. दुरून पाहण्याच्या कसोटीने ही सवय बरीच मोडते. निवडलेल्या चौरसाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, सावली न पडेल अशा जागी, अगदी वरून सरळ घ्यावे. फोन तिरपा धरल्यास चौरसाचा चौरस राहत नाही.

संगणकावरील काम

या कामास गिंप हा कार्यक्रम चांगला आहे. तो विनामूल्य मिळतो व विंडोज तसेच लिनक्स या दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालतो. १९९५ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठातले स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा आरंभ केला, आणि १९९६ साली तो सर्वांस खुला झाला. त्याची साधने पुष्कळ आहेत. ती सर्व शिकण्याच्या भरीस शिक्षकाने पडू नये. येथे लागणारी पाच-सहा पुरेशी आहेत.

काहीही करण्यापूर्वी 'मूळ' या नावाची एक पेटी संगणकात करून तीत छायाचित्राची प्रत ठेवावी, आणि त्या पेटीतील चित्र पुन्हा कधीही उघडून बदलू नये. फोनवरून संगणकावर चित्र आणताना व्हॉट्सअ‍ॅपने छायाचित्र म्हणून पाठवल्यास ते आक्रसून बारीक होते. तारेने आणावे, अथवा दस्तऐवज म्हणून पाठवावे.

प्रथम नक्षीचा चौरस गिंपमध्ये उघडावा. क्रॉप या साधनाने कडेचा फाजील भाग कापून तो नेमका चौरस करावा. मग 'इमेज' या सदरातील 'स्केल इमेज' ही आज्ञा देऊन त्याची लांबी व रुंदी २५० ठिपके करावी. सर्व निवडून त्याची नक्कल घ्यावी, म्हणजे 'सिलेक्ट ऑल' व 'कॉपी' या आज्ञा द्याव्या. आता 'फाइल' मधून ४५०० × ३५०० मापाचे नवे कोरे चित्र उघडावे. रंग ओतण्याचे बकेट फिल नावाचे साधन घेऊन त्याच्या पर्यायांत रंगाऐवजी पॅटर्न निवडावा. पॅटर्नच्या यादीत आपण नक्कल केलेली आकृती सर्वांच्या आधी दिसते. ती घेऊन कोऱ्या चित्रावर एकदा टिचकी मारली की, सारे पान त्या आकृतीने भरून जाते. मुलांस हा क्षण फार आवडतो. त्यांस तेथेच थांबवून विचारावे : किती चौरस झाले? आडवे १८, उभे १४, एकूण २५२.

नंतर 'ओपन अ‍ॅज लेयर्स' या आज्ञेने छायाचित्राची प्रत या पानावर आणावी. ते निराळ्या थरावर येते, जणू काही नक्षीच्या कागदावर फोटो ठेवला आहे. तो नेमका मध्यभागी आहे ना, हे पाहावे. पाहण्याची युक्ती सोपी आहे. चारही बाजूंस नक्षीचे चौरस पूर्ण दिसले पाहिजेत. एखाद्या बाजूस ते कापलेले दिसल्यास थर सरकला आहे असे समजून, मूव्ह साधन घेऊन बाणांच्या कळांनी तो जागेवर आणावा. छायाचित्राने आडवे १६ व उभे १२, म्हणजे १९२ चौरस झाकले. २५२ तून १९२ गेले, राहिले ६०. वहीतले उत्तर पडद्यावर जुळते, तेव्हा पाठ मुलांच्या हाती आला असे समजण्यास हरकत नाही.

या रीतीत एक सोय अशी की, बाजूच्या पट्ट्यांतही आकृती उभीच राहते. एक पट्टी काढून ती चारही बाजूंस फिरवून लावली असती, तर चिमण्या डावीकडे आडव्या आणि खाली उलट्या पडल्या असत्या.

ज्यांस नक्षी नको, साधी रंगीत चौकट पुरे आहे, त्यांचे काम याहून थोडक्यात होते. छायाचित्राची प्रत उघडावी. चौकटीस जो रंग हवा तो पार्श्वभूमीचा रंग म्हणून निवडावा. 'इमेज' मधील 'कॅनव्हास साइज' या आज्ञेत लांबी ४५०० व रुंदी ३५०० घालून 'सेंटर' म्हणावे. आणि शेवटी 'फ्लॅटन इमेज' ही आज्ञा द्यावी. वाढलेली मोकळी जागा त्या रंगाने भरते. लांबी व रुंदी यांच्यामधील साखळी जोडलेली असल्यास एक माप बदलताच दुसरे आपोआप बदलते, म्हणून ती आधी सोडावी. साठवताना 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' म्हणून नवे नाव द्यावे. त्याच सदरात 'ओव्हरराइट' अशी एक आज्ञा असते. ती जुने चित्र पुसून त्या जागी नवे ठेवते. त्या आज्ञेपासून दूर राहावे. शिवाय जेपेग प्रकारचे चित्र दर वेळी पुन्हा साठवताना थोडेथोडे झिजते; म्हणून चौकट बदलावीशी वाटल्यास सजवलेल्या प्रतीवर पुन्हा काम न करता मूळ चित्राची नवी प्रत घेऊन आरंभ करावा.

गिंपमधील 'फिल्टर्स' या सदरात 'डेकोर' नावाखाली तयार किनारीही आहेत. एकीने उठावाची कड येते, दुसरीने कड विरल्यासारखी होते, तिसरीने कोपरे गोल होतात. फोनवरील कार्यक्रमांत तर अशा शेकडो आहेत. त्यांपैकी कोणतीही वापरण्यास प्रत्यवाय नाही. मात्र वापरण्यापूर्वीचे व नंतरचे चित्राचे माप ताडून पाहावे. ४००० × ३००० चे माप वाढले असेल तर चौकट बाहेर गेली. तेवढेच राहिले असेल तर चौकटीने चित्राची कड खाल्ली, हे निश्चित. मग त्या कडेस कोण उभे होते ते पाहावे. ज्यांच्यापाशी फोनच आहे त्यांस स्नॅपसीडमधील 'एक्सपांड' हे साधन उपयोगी पडेल, कारण ते चित्राबाहेर पांढरी किंवा काळी जागा वाढवते. त्यातील 'स्मार्ट' हा पर्याय मात्र शाळेच्या दप्तरी ठेवावयाच्या चित्रास घेऊ नये. तो कडेचे दृश्य पाहून तसलेच आणखी दृश्य स्वतः रचतो, आणि शाळेस नसलेली भिंत किंवा नसलेले झाड चित्रात उगवते. याच कारणास्तव, आजचे चित्र पिवळट करून जुने भासवणारे साधनही शालेय कामात वर्ज्य समजावे. चाळीस वर्षांनी ते आपोआप जुने होईलच.

रंगाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सोनेरी व भडक गुलाबी चौकटींकडे लक्ष आधी जाते आणि मुलांच्या चेहऱ्यांकडे मागाहून. चित्रातीलच एखादा शांत रंग, जसे शाळेच्या भिंतीचा, मैदानातील मातीचा, कलर पिकर या साधनाने उचलून चौकटीस द्यावा. तो चित्राशी बेबनाव करीत नाही. संशय आल्यास पांढरा.

छपाई

येथे आणखी एक खाच आहे. फोनचे चित्र ४ : ३ या प्रमाणाचे, तर छपाईचा नेहमीचा कागद ६ × ४ इंच, म्हणजे ३ : २ या प्रमाणाचा असतो. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून छापणारा कागद भरून निघावा यासाठी चित्राचा वरचा किंवा खालचा भाग कापतो. चौकट घातलेल्या चित्राचे असे झाल्यास वरची पट्टी जाते, खालची जाते, आणि बाजूच्या मात्र राहतात. पुष्कळदा दोष छापणाऱ्यास दिला जातो. वस्तुतः तो गणिताचा आहे. आपले चौकटीसह चित्र ४५०० × ३५०० आहे. रुंदी ३५०० ठेवून ३ : २ हे प्रमाण साधावयाचे तर लांबी ५२५० हवी. म्हणून 'कॅनव्हास साइज' ने डावीउजवीकडे ३७५-३७५ ठिपक्यांची कोरी पांढरी जागा वाढवावी. साधी रंगीत चौकट असल्यास याहून सोपे : ४००० × ३००० चे चित्र ४८०० × ३२०० च्या पानावर ठेवावे. बाजूंस ४०० आणि वरखाली १०० जागा सुटते, आणि प्रमाण आपोआप जुळते. हे उदाहरण प्रमाणाच्या घटकात घालण्याजोगे आहे. छापताना यंत्र चारही कडा किंचित कापते, म्हणून अगदी कडेस नाव किंवा साल लिहू नये.

नाव लिहावयाचे ते चौकटीच्या खालच्या पट्टीत किंवा वाढवलेल्या कोऱ्या जागेत लिहावे. मुलांच्या पायांवर नव्हे. शाळेचे नाव, इयत्ता, महिना व साल एवढे पुरे. मुलांची नावे मागच्या बाजूस ओळीवार, डावीकडून उजवीकडे, पेन्सिलीने लिहावी. आज ती सर्वांस पाठ असतात, पण शिक्षक बदलून गेल्यावर दहा वर्षांनी ती सांगणारे कोणी उरत नाही. असे चित्र फोनवरून बाहेर पाठवावयाचे असल्यास पालकांची संमती आधी घ्यावी.

छपाईस देण्यापूर्वी चौकट घातलेले चित्र पडद्यावर पूर्ण उघडून त्या दिवशीचा हजेरीपट जवळ घ्यावा. एका विद्यार्थ्याने नावे क्रमाने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर त्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवावे. ज्याचा चेहरा सापडणार नाही त्याच्या नावापुढे खूण करावी. तो त्या दिवशी गैरहजर असल्यास प्रश्नच नाही. हजर असल्यास चौकट काढून टाकावी, 'मूळ' पेटीतील चित्राची नवी प्रत घ्यावी, आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे.